डोक्यावरची खूण

‘अठरापगड’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यातली पगडी आता दिसेनाशी झाली आहे. जातींची मोजदाद डोक्यावरच्या वस्त्राने करावी, इतकी ती खूण एके काळी पक्की होती. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईबद्दल ज्यांनी ज्यांनी लिहिले, त्यांतल्या बहुतेकांना या पगड्यांनी भुरळ घातली. पारशाची मागे कललेली, तुळतुळीत, ताठ पगडी, ब्राह्मणाची चक्रीदार, भाटियाची लालभडक, बोहऱ्याची सोनेरी जरीची, मराठ्याचे पागोटे. बाजारातून नुसती डोकी न्याहाळत गेले तरी कोण कुठला, कोणत्या धर्माचा, बहुधा कोणत्या धंद्यातला, हे सांगता येई, असे त्या काळच्या वर्णनांतून वाचायला मिळते. आजच्या लिखाणातही त्याबद्दल एक हळवेपणा आढळतो: माणसे किती वेगवेगळी होती आणि तरी किती स्पष्ट होती! हा हळवेपणा मला तपासून पाहावासा वाटतो. माझे म्हणणे असे, की ओळखण्यातली ही अचूकता पाहणाऱ्याच्या नजरेची नव्हती. ती बंदोबस्ताची होती. ज्याने कोणती खूण वापरायची आणि कोणती वापरायची नाही हे दुसऱ्याने ठरवून दिलेले असते, त्याला ओळखणे सोपे असते. बंदोबस्त ढिला पडला की तीच तयार नजर चुकू लागते, आणि मग नव्या खुणांचा शोध सुरू होतो.

आधी त्या शहराकडे पाहू. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईत ८,१६,५६२ माणसे मोजली गेली. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा भाव चढलेला होता, शेअरबाजाराला वेड लागले होते आणि कोकण, देश, गुजरात, कच्छ, काठेवाड सगळीकडून माणूस शहरात येत होता. तो फुगा फुटला आणि १८७२ साली हीच संख्या ६,४४,४०५ वर आली. अशा आल्या-गेल्यांच्या गावात अनोळखी माणसाबद्दल काहीतरी अटकळ बांधणे ही रोजची गरज होती. उधार कोणाला द्यावे, खोली कोणाला भाड्याने द्यावी, कोणाच्या हातचे पाणी चालेल, कोणाशी कोणत्या भाषेत तोंड उघडावे, हे चटकन ठरवावे लागे. १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ छापले गेले आणि त्याच वर्षी विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचा पहिला खंड काढला. दुसरा १८६६ साली आला. हा योगायोग बोलका आहे. मराठी लेखक आणि इंग्रज छायाचित्रकार, दोघांनाही एकाच वेळी हे शहर म्हणजे वाचायचा मजकूर वाटू लागले होते. जॉन्सनची पद्धत मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. माणसांचे फोटो तो स्टुडिओत काढी, त्या आकृती कापून घेई आणि वेगळ्या काढलेल्या देखाव्यांवर, देवळांवर, घाटांवर त्या जोडी. वाचकाला वाटे, हा माणूस तिथेच उभा आहे आणि तिथलाच आहे. वास्तविक त्याला तिथे कात्रीने आणून उभे केलेले असे.

त्या खुणा टिकल्या कशा, हा खरा प्रश्न आहे. कोकणपट्टीतल्या आणि पुण्यातल्या सोनारांचे उदाहरण घ्या. स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण मानणारे हे लोक ब्राह्मणी धाटणीने धोतर नेसू लागले, भेटीत ‘नमस्कार’ म्हणू लागले. पेशव्यांच्या दरबाराला ते खपले नाही. तक्रार मुंबईच्या कंपनी सरकारापर्यंत गेली आणि ऑगस्ट १७७९ मध्ये, सोनारांनी ‘नमस्कार’ म्हणू नये, असा हुकूम मुंबईच्या इंग्रज कौन्सिलने काढला. एका अभिवादनासाठी दोन सरकारांनी कागदपत्रे चालवावीत याचे आज नवल वाटेल, पण त्यात मोठा अर्थ आहे. धोतराच्या निऱ्या आणि तोंडातला शब्द या गोष्टी कोणालाही उचलता येण्यासारख्या असतात. कोणीही उचलू लागला तर खूण निरुपयोगी होते. ती उपयोगी राहावी म्हणून तिच्यावर पहारा लागतो.

दीडशे वर्षांनीही तो पहारा उठला नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषद भरली. मनुस्मृतीच्या दहनासाठी ती प्रसिद्ध आहे, पण त्याच परिषदेत डॉ. आंबेडकर स्त्रियांसमोर जे बोलले ते या विषयाच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाचे वाटते. लुगडे नेसण्याची तुमची तऱ्हा, गळ्यातले जड दागिने, कोपरापर्यंतचे कथलाचे वा चांदीचे अलंकार, या तुमच्या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत. त्या टाका, असे त्यांनी सांगितले. परंपरेचा अभिमान, सौंदर्य, वारसा असल्या कोणत्याही सबबीसाठी त्यांनी जागा ठेवली नाही. परिषदेला आलेल्या अनेक बायकांनी तिथल्या तिथे लुगड्याची नेसण बदलली. काल लांबून ओळखता येणारी बाई आज लांबून ओळखता येईना. यानंतर काही दिवसांतच, जानेवारी १९२८ च्या आरंभी, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त होळकरांच्या इंदूर संस्थानातली बातमी आली. तिथल्या काही गावांतल्या सवर्णांनी बलाई जातीच्या लोकांना नियम घालून दिले होते: जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत वा नक्षीदार काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. आंबेडकरांनी पुढे ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या भाषणात हा दाखला दिला. महाडला जी खूण टाकली जात होती, तीच इंदूरला जबरीने अंगावर ठेवली जात होती. दोन्हीकडच्या माणसांना एक गोष्ट पुरती ठाऊक होती: काठ काढला, नेसण बदलली, तर समोरचा माणूस कोण हे कोणालाही सांगता येणार नाही.

हे नुसते अनुमान नाही. आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत आपल्या लहानपणचा, १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरली. नवे कपडे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे. स्टेशनमास्तरने त्यांना ब्राह्मणाची मुले समजून आस्थेने विचारपूस केली. मुलाने खरे ते सांगितले आणि मास्तरच्या चेहऱ्यावरचा भाव पालटला. भाडे दुप्पट देऊ केल्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही गाडी मुलांनी हाकावी आणि आपण पायी चालावे या अटीवर. इथे मास्तरची नजर साफ फसली होती. चेहरा, रंग, बोलणे, काहीच त्याच्या उपयोगी पडले नाही, कारण वाचायची ती खूण, म्हणजे कपडा, त्या मुलांच्या वडिलांच्या पगाराने बदलून टाकली होती. १९१७ मध्ये बडोद्याला तर याहून स्पष्ट गोष्ट घडली. पारशी धर्मशाळेच्या रखवालदाराने सदरा-कस्ती नाही म्हणून आंबेडकर पारशी नाहीत हे ओळखले. मग तडजोड अशी झाली की वहीत पारशी नाव लिहायचे आणि राहायचे. अंगावरची खूण नसली तर कागदावरची चालली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात येईपर्यंत ती चालली.

या मांडणीवर पहिला आक्षेप रास्त आहे. पारशाला त्याची पगडी कोणी बळेच घालायला लावली नव्हती. बोहऱ्याने आपली जरी हौसेने मिरवली. माणसांना वेगळे दिसावेसे वाटते, आपल्या माणसांना गर्दीत लांबून ओळखावेसे वाटते. सगळ्या खुणा लादलेल्या म्हणणे म्हणजे त्यांच्या आनंदावर अन्याय. हे मला मान्य आहे. १८८७ साली साष्टी-वसई-मुंबईच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःहून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले आणि व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, २६ मे रोजी, आपली संस्था स्थापली. तोवर डिसोजा, परेरा अशी आडनावे पाहून सरकारदरबारी त्यांना सरसकट ‘पोर्तुगीज’ म्हणत. गोव्याहून नोकरीसाठी येणारा माणूस पोर्तुगालचा प्रजाजन, आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या याच मातीतले, इंग्रजांच्या राज्यातले, हे त्यांना नोकऱ्यांच्या स्पर्धेत सांगायचे होते. म्हणजे लोक खुणा मागूनही घेतात. पण इथेच नीट पाहिले तर आक्षेपातूनच माझ्या म्हणण्याला बळ मिळते. पारशी पगडीचा घाट मुळात गुजरातच्या वाण्यांकडून आलेला. संजाणच्या राजाने आश्रय देताना या निर्वासितांच्या बायकांनी इथला पेहराव स्वीकारावा अशी अट घातल्याची कथा त्यांच्याच ‘किस्सा-इ-संजान’मध्ये आहे. ज्या वस्तूवरून पाहणारा ‘हा पारशी’ म्हणून खात्रीने सांगे, ती वस्तू शेजाऱ्याची होती. अभिमानाने धरलेली खूण माणूस बदलू शकतो, उसनी घेऊ शकतो, तिला नवे नाव देऊ शकतो. ती धरणाऱ्याच्या हाती असते. बलायाच्या धोतराचा काठ त्याच्या हाती नव्हता, आणि हौस व सक्ती यांना एकाच रंगीबेरंगी चित्रात रंगवणे हीच त्या हळव्या आठवणींची चूक आहे.

दुसरा आक्षेप अधिक जुनाट आणि अधिक घातक: कपडे बदलता येतात, शरीर कसे बदलाल? हर्बर्ट रिस्लेने नेमके हेच धरले. तो १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त होता. माणसाचे नाक जितके रुंद तितकी त्याची जात खालची, असा नियमच त्याने मोजपट्टीच्या आधारे मांडला. ज्या काळात रेल्वे, गिरण्या आणि कचेऱ्या पगड्यांची सरमिसळ करू लागल्या होत्या, त्याच काळात खूण कापडावरून हाडावर सरकावी हे मला अपघाती वाटत नाही. या नियमाला उत्तर मुंबई विद्यापीठातूनच मिळाले. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात रिस्लेची मोजमापे पुन्हा तपासली आणि आजच्या उत्तर प्रदेशाचा भाग सोडला तर नाकाचे माप आणि जातीची पायरी यांचा मेळ बसत नाही, आपल्याकडे तर नाहीच, हे दाखवले. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांनी एम. ए.साठी चित्पावनांचा अभ्यास केला होता. घाऱ्या डोळ्यांवरून कोकणस्थ ओळखण्याचा आणि मग त्यांचे मूळ इराण, ग्रीस, इजिप्तपर्यंत नेण्याचा छंद महाराष्ट्रात पुष्कळांना होता आणि आहे. इरावतीबाई पुढे बर्लिनला गेल्या. तिथे ऑयगेन फिशर या वंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली कवट्यांच्या दोन बाजूंतल्या असमानतेवर त्यांनी काम केले. गोऱ्या युरोपियनांची कवटी वेगळी निघेल अशी गुरूंची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी प्रबंधात, असा काही वंशाचा संबंध दिसत नाही, असे लिहिले. हाच फिशर पुढे नात्सींच्या वंशधोरणाचा आधार झाला. परक्या देशात, परक्या भाषेत, मार्गदर्शकाच्या तोंडावर हे लिहिणाऱ्या पंचविशीतल्या मराठी बाईबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पुढे महाराष्ट्रातल्या जातींची मापे त्यांनी स्वतः घेतली, तेव्हाही एकाच नावाच्या जातीतले पोटगट शरीराने एकमेकांपासून दूर असल्याचे त्यांना आढळले. कुंभार हे नाव एक, पण देह एक नव्हे.

विज्ञानाने मोजपट्टी खाली ठेवली तरी राज्यकारभाराने ठेवली नाही. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ पासून मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींत जन्म झाला एवढ्यावरून माणसाच्या बोटांचे ठसे घेतले जात, हजेरी लागे, गावाबाहेर जायचे तर पास लागे. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. इथे अटकळीची गरजच उरली नाही, आणि म्हणूनच ती कधी चुकली नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला. पोलिसांच्या आणि गावकऱ्यांच्या मनातली यादी मात्र त्याच्याबरोबर रद्द झाली नाही. चोरी झाली की पालावर आधी धाड पडते, हे पुढच्या कितीतरी वर्षांचे वास्तव आहे.

माझ्या म्हणण्याला खरा अडचणीचा दाखला वेगळाच आहे. गांधींनी रूढ केलेली पांढरी खादीची टोपी कोणी कोणावर लादली नव्हती. उलट राजा-रंक, ब्राह्मण-कुणबी सगळ्यांना एकच टोपी, अठरा पगड्या एका टोपीखाली, अशी ती कल्पना. तरीही १७ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडचा युवराज मुंबईत उतरला तेव्हा याच टोप्यांवरून शहर पेटले. आधी असहकारवाद्यांच्या जमावाने पारशी, अँग्लो-इंडियन, युरोपियनांच्या डोक्यावरच्या विलायती टोप्या ओढल्या, माणसे झोडपली. मग दुसऱ्या बाजूने खादीची टोपी दिसेल त्याला मारले. पन्नासहून अधिक माणसे गेली. गांधींनी उपास धरला. म्हणजे सक्ती नसतानाही खूण वाचली गेली, मग बंदोबस्ताचा मुद्दा कुठे राहिला? मला वाटते, इथे नजर अचूक होती असे समजणेच चूक आहे. टोपी सांगत होती मत. जमावाने वाचली जात आणि धर्म. खादी वापरणारे, असहकारात उतरलेले पारशी त्या शहरात होते, आणि ज्यांना असहकाराशी काही देणेघेणे नव्हते असे गरीब हिंदू-मुसलमानही स्वस्तातली विलायती टोपी घालत होते. त्या चार-पाच दिवसांत या माणसांना आपण कोण हे सांगण्याची उसंत मिळाली नाही. दंगल म्हणजे काही काळापुरता झालेला अतिशय कडक बंदोबस्तच: प्रत्येकाला एकच ओळख, आणि तीही समोरच्याने ठरवलेली.

पगड्या गेल्या आणि आता अटकळीचा सगळा भार आडनावावर येऊन पडला आहे. ‘पूर्ण नाव?’ हा प्रश्न नाव कळल्यानंतरही का विचारला जातो, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. गंमत अशी की आपल्या आडनावांतला एक मोठा गट, ‘कर’ लावलेल्या नावांचा, फक्त गाव सांगतो. माडगांवकर हे नाव मडगावकडे बोट दाखवते, जातीकडे नाही. सकपाळांच्या मुलाचे, म्हणजे आंबेडकरांचे, आडनाव अंबडवे गावावरून शाळेच्या दप्तरात गेले, तेव्हा त्यानेही फक्त गावच सांगितले. मूळ मराठी नामपद्धतीत लपायला एवढी जागा होती, आणि ती जागा सर्वांत जास्त शोभली कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू लोकांना. किहीमचे किहीमकर, दिवेचे दिवेकर, पेणचे पेणकर. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा आहे. परशुरामाने चौदा प्रेते जिवंत करून चित्पावन निर्माण केले या कथेशी तिचे साम्य अनेकांनी नोंदले आहे. हे लोक मराठी बोलत, तेल गाळीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून कोकणाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले.

या नावाचा मी पुष्कळ विचार केला आहे. मूळ ओळखण्याच्या दृष्टीने ते चुकीचेच होते. ज्यू म्हणजे काय हे कोकणाला माहीत नव्हते. पण पाहण्याच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होते. हे शेजारी काय करतात आणि कोणत्या दिवशी करत नाहीत, ते लोकांनी नीट टिपले, त्यावरून नाव दिले आणि तिथेच थांबले. तेली या शब्दाबरोबर जातीच्या उतरंडीतली खालची पायरी आलीच, ती सोसावी लागली. त्यांच्या आतही ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्राएल असा भेद होता आणि तो कातडीवरून नव्हे, लग्नसंबंधांवरून ठरे. तेव्हा त्या खेड्याला स्वर्ग म्हणण्याचे कारण नाही. पण तुमची पणजी कोण होती याचा पुरावा आणा, असे तिथे कोणी म्हटले नाही. १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधले तेव्हाही नाही.

तो प्रश्न आला तो इस्राएलमध्ये. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल तिकडे गेले, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्मपीठाने त्यांच्या लग्नांपूर्वी आईकडच्या पिढ्यांची चौकशी करावी असा आदेश काढला. आपल्याच धर्माच्या राज्यात, आपल्याच माणसांनी, तुम्ही खरोखर आमचे का, असे विचारले. त्यांनी मोर्चे काढले, धरणे धरले. १९६४ मध्ये सरकारने, हे सर्व बाबतींत ज्यू आहेत, असे जाहीर केले. आज तिथे त्यांची ‘कर’ लागलेली आडनावे भारताची खूण झाली आहेत, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तिथून चालवले आहे. आणि जिथून ते गेले त्या अलिबागकडच्या अष्टागरातल्या शेजाऱ्यांना शतकानुशतके त्यांच्याबद्दल एवढेच पक्के ठाऊक होते, की शनिवारी यांचा घाणा फिरत नाही, तेल हवे असेल तर शुक्रवारी दिवस मावळायच्या आत आणून ठेवावे.